ज्याचं कुणी नावच घेत नाही असा तुमचा लाडका व्हिडिओ गेम कोणता?

परवा ऑफिसात जेवताना गेम्सचा विषय निघाला आणि अर्धा तास त्याच चार-पाच नावांभोवती सगळे फिरत होते, जीटीए, पबजी, फिफा, झालं. मी आयजीआय म्हटलं तर शेजारच्या नवीन मुलाने नावच ऐकलं नव्हतं. तेव्हापासून डोक्यात होतं की असा धागा काढावा. जुना असो, नवा असो, मोबाईलवरचा असो, तुम्हाला मनापासून आवडलेला पण ज्याचं पुरेसं कौतुक झालं नाही असा गेम सांगा. नुसतं नाव नको, कुठे खेळलात, कोणाबरोबर, त्यात एवढं काय होतं ते नीट लिहा.

सुरुवात मीच करतो. प्रोजेक्ट आयजीआय, शत्रूच्या तळात गुपचूप शिरायचा बंदुकीचा गेम, २००० च्या शेवटी आलेला, इनरलूप नावाच्या नॉर्वेतल्या कंपनीने केलेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये, आणि आम्ही तिघं मिळून एक तास घ्यायचो. एक खेळणार, दोघं मागून सांगणार, "अलार्म वाजेल, अलार्म वाजेल". चौदा मिशन, आणि मिशनच्या मधे सेव्ह करायची सोयच नाही. तेव्हाच्या परीक्षणांत यावरूनच त्याला बोल लावले गेले, पण माझं मत अगदी उलटं आहे, सेव्ह नव्हतं म्हणूनच आम्ही आधी टेकडीवर आडवं पडून दुर्बिणीतून अख्खा तळ बघायचो, नकाशा उघडून पहारेकरी कुठून कुठे जातात ते पाठ करायचो, कॅमेरे कुठल्या कॉम्प्युटरवरून बंद होतात ते शोधायचो आणि मगच खाली उतरायचो. तो एवढा लांबवर पसरलेला मोकळा परिसर त्या काळच्या बंदुकीच्या गेममध्ये क्वचित दिसायचा. पुढे कळलं की त्याचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, त्यांच्याच १९९७ च्या लढाऊ विमानाच्या गेममधलं, म्हणजे विमानातून दिसावी एवढी जमीन दाखवायला बनवलेलं होतं ते. कंपनी २००३ मध्ये बंद पडली. आपल्याकडे पंचविशीच्या पुढच्या कितीतरी लोकांना तो पाठ आहे आणि बाहेर चांगल्या गेम्सच्या याद्या निघतात त्यात तो नसतोच, याचं मला खरंच वाईट वाटतं.

*

आयजीआयला +१. माझा त्याच्याही आधीचा, टीव्हीला जोडायच्या गेममधला. आम्ही त्याला नुसतं 'टँक' म्हणायचो. खरं नाव बॅटल सिटी, नामको कंपनीचा, १९८५ चा, आणि हे मोठी झाल्यावर कळलं की तो त्या काळी जपानमध्येच आला होता, अमेरिकेत निघालाच नाही. म्हणून इंग्रजीत जुन्या गेम्सबद्दल लिहिणारे मारिओ, काँट्राच्या पुढे जाऊन याच्यापर्यंत पोचत नसावेत. आपल्याकडे तो शंभर गेमवाल्या नकली कॅसेटमधून घरोघरी पोचला.

दादाचा पिवळा टँक, माझा हिरवा. खाली विटांच्या आत गरुड, शत्रूच्या टँकांपासून तो राखायचा, तो गेला की सगळं संपलं. फावडं मिळालं की विटांच्या जागी थोडा वेळ लोखंडी भिंत. आणि सगळ्यात भारी म्हणजे चुकून आपल्याच जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, पण काही क्षण जागच्या जागी थिजतो, मग आमची भांडणं, "तू मुद्दाम मारलंस", आणि तेवढ्यात गरुड गेलेला असायचा. आई मागे बसून गवार मोडता मोडता ओरडायची, "अगं खाली बघ, खाली!" ३५ नकाशे होते, नंतर परत तेच. शिवाय स्वतःचा नकाशा बांधता यायचा! विटा, पाणी, झाडी हवी तिथे ठेवायची. दोन लहान पोरांना एकत्र मिळून एक जागा राखायला शिकवणारा इतका साधा गेम मी नंतर पाहिला नाही. दादा आता पर्थला असतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा लॅपटॉपवर लावला, आईला शेजारी बसवलं, आणि ती अजूनही "खाली बघ" म्हणते.

*

कॅप्टन क्लॉ. १९९७, मोनोलिथ. तलवारवाला समुद्री चाचा मांजर, चौदा लेव्हल, आणि एकेक लेव्हल काय अवघड होती. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कोणीतरी टाकून ठेवलेला, तिथे खेळलो. इतकं सुंदर हाताने काढलेलं ॲनिमेशन होतं त्यात, मधल्या गोष्टी कार्टून फिल्मसारख्या. कुणाला आठवतोय का?

*

राजी. पुण्यात बनलाय हो तो! नॉडिंग हेड्स गेम्स, २०२० मध्ये आला, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये नव्या स्टुडिओंच्या पहिल्या गेमसाठीच्या पुरस्काराला त्याचं नामांकन होतं. मी पुण्यात राहून मला हे दोन वर्षांनी कळलं. जत्रेतून राक्षस मुलांना उचलून नेतात आणि राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते, एवढीच गोष्ट. पण ती सांगतात कोण, तर दुर्गा आणि विष्णू, वरून बघत, आपापसात बोलत. मधले प्रसंग छाया-बाहुल्यांच्या खेळासारखे, राजस्थानी हवेल्या, झरोके, भिंतींवर चित्रं. लेकीला (वय ११) खेळायला दिला, तर ती भिंतीवरच्या चित्रांपाशीच थांबून राहायची, पुढे जाईचना.

दोष आहेत, मारामारी कधीकधी अडखळते, पाच-सहा तासांत संपतो, आणि शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटतो. तरी सांगतो, आपल्याकडच्या देवळा-वाड्यांत फिरतोय असं वाटणारा, एवढ्या मायेने केलेला गेम मी दुसरा खेळलेलो नाही, आणि माझ्या ओळखीतल्या गेम खेळणाऱ्या तीस-चाळीस जणांपैकी तो खेळलेले दोघं निघाले.

*

माझा थोडा वेगळा आहे. माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून दिसत नाही. लहानपणी आम्ही सगळी चुलत-मावस भावंडं गेम खेळायचो तेव्हा तो शेजारी बसून "आता काय झालं?" विचारायचा आणि आम्ही खेळाच्या नादात उत्तर द्यायचं विसरायचो. ते मला आजही टोचतं. २०१५ मध्ये डोविनो नावाच्या फ्रेंच स्टुडिओने अ ब्लाइंड लेजेंड म्हणून मोबाईलवर गेम काढला, त्यात बघायला चित्रच नाही. हेडफोन लावायचे, आपण एक आंधळा सरदार, आणि आपली लेक लुईस आपल्याला वाटेने नेते, तिचा आवाज डावीकडून आला तर डावीकडे वळायचं. शत्रू कुठून येतोय ते पावलांवरून ओळखायचं आणि त्या बाजूला बोट फिरवून तलवार चालवायची.

मला पहिल्या पुलावरच जमेना. भाऊ सरळ पार गेला. मी शेजारी बसून विचारत होते, "आता काय झालं?" आणि तो खेळ थांबवून थांबवून मला सगळं सांगत होता.

*

वाचून गप्प झाले. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

मी टोरांटोजवळ राहते. इथल्याच एका छोट्या स्टुडिओचा वेनबा नावाचा गेम आहे, २०२३ चा. तमिळ कुटुंब कॅनडात येतं, आईची पाककृतींची वही फाटलेली, पुसट झालेली, आणि त्यातले गेलेले शब्द अंदाजाने भरत आपण इडली, पुट्टू, बिर्याणी करायची. इडलीपात्राच्या ताटल्या अशा फिरवून लावायच्या की वरच्या साच्याने खालच्या ताटलीची भोकं बुजू नयेत, वाफ वर गेली पाहिजे. माझ्या सासूबाई अगदी हेच सांगतात! मुलगा मोठा होतो तसा घरची भाषा बोलायचं टाळायला लागतो, तिथे मला पुढे खेळवेना. दीड-दोन तासांचाच गेम आहे. लेकाबरोबर परत खेळले, आणि त्याने मधेच विचारलं की आज्जीची अशी वही आहे का. आहे. मोडीसारख्या गिचमिड अक्षरात.

*

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन, २०१८. लुकास पोप नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला. बाहेर त्याला मोठे पुरस्कार मिळालेत, पण आपल्याकडे कोणी बोलताना ऐकलं नाही आणि खरं तर आपल्या लोकांनी, विशेषतः कोकणातल्या, तो खेळायलाच हवा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातलं जहाज, १८०२ मध्ये निघालेलं, बेपत्ता झालं आणि १८०७ मध्ये परत आलं, वर एकही जिवंत माणूस नाही. आपण कंपनीचे विमा तपासनीस. हातात एक घड्याळ, ते मेलेल्या माणसापाशी उघडलं की त्याचे शेवटचे आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठलेला दिसतो, आपण त्यात फिरायचं. साठ जण आहेत, प्रत्येकाचं नाव काय आणि तो कशाने गेला ते वहीत भरायचं, तीन जणांचं बरोबर आलं की मगच गेम ते पक्कं करतो. सगळं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत. नावं कळतात ती बोलण्याच्या ढबीवरून, कपड्यांवरून, कोण कोणाच्या शेजारी बसलंय त्यावरून, झोपायच्या झोळीच्या नंबरावरून. आणि यादीत काही खलाशांपुढे देश लिहिलाय, भारत. त्यातले दोघं सुरुवातीलाच आजाराने जातात. मी ती नावं भरली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला पुढे झोप आली नाही.

कारण माझे आजोबा बोटीवर होते. दापोली तालुक्यातलं गाव आमचं, आधी खलाशी, मग तांडेल, रिटायर झाले तेव्हा सारंग, म्हणजे खलाशांचे मुख्य. घरी एक ग्रुप फोटो आहे, १९५८ चा, डेकवर २३ माणसं, मागे नावं लिहिलीत ती फक्त पुढे खुर्चीवर बसलेल्या पाच साहेबांची. गेम संपवल्यावर पुढच्या सुट्टीत गावी गेलो, तो फोटो घेऊन वडिलांसमोर बसलो, मग शेजारच्या मोहल्ल्यातल्या चाचांकडे गेलो, त्यांचे वडीलही त्याच बोटीवर. टोपीवरून, उभं राहण्याच्या पद्धतीवरून, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे त्यावरून आम्ही तिघांनी अकरा जणांची नावं लावली. पेन्सिलीने मागे लिहून ठेवलीत. सात राहिलेत. मागच्या रांगेत डावीकडून दुसरा, उंच, कानात बाळी, त्याला चाचा 'हर्णैचा' एवढंच म्हणाले. हर्णै-पाजपंढरी भागातलं इथे कोणी असेल आणि घरात बोटीवरचं माणूस असेल तर जरूर कळवा, फोटो पाठवतो.