पत्र्याचे छप्पर आणि विटांची भिंत यांच्या सांध्यातून गळती : भिंतीतली पट्टी कशी बसवावी?

वळचण :
नमस्कार. चिपळूणजवळच्या आमच्या घराला पश्चिमेच्या अंगाला ३० फूट लांब आणि १२ फूट खोल पडवी आहे. जुनी कौले उतरवून तीन वर्षांपूर्वी तिच्यावर रंगीत पत्रा घातला. पत्र्याची वरची कड घराच्या ९ इंची, गिलावा केलेल्या विटांच्या भिंतीला टेकते आणि उत्तरेकडची उतरती कड न्हाणीघराच्या भिंतीला लागून खाली येते. फॅब्रिकेटरने काटकोनात वाकवलेली एकच पट्टी दोन्हीकडे स्क्रूने आवळून वरच्या कडेला सिमेंट लिंपून दिले होते. पहिला पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्या वर्षी त्या सिमेंटला केसासारखी भेग पडली, म्हणून गवंड्याकडून सांध्यावर सिमेंटचा चांगला जाड वाटा (कोपऱ्यात भरलेला उतरता थर) भरून घेतला, तो उन्हाळ्यातच भिंतीपासून सुटला आणि गेल्या जुलैत झड लागली तशी आतल्या भिंतीवरून पाणी ओघळू लागले. आता एक जण भिंतीत खाच पाडून दुसरी पट्टी बसवा म्हणतो, तर दुकानदार डांबराची चिकटपट्टी पुरेल असे सांगतो. ज्यांनी हे काम केले किंवा करून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

ओळंबा :
आपल्या गवंड्याचा हात वाईट नसावा. चूक सांध्याच्या रचनेत आहे. लोखंडी पत्रा १ अंश तापमानवाढीला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलीमीटर वाढतो. एप्रिलमधील पहाटेचा पत्रा आणि दुपारी दोनचा पत्रा यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे आपल्या १२ फुटी पत्र्याची लांबी रोज पावणेदोन मिलीमीटर कमीजास्त होते. भिंत मात्र जागची हलत नाही. दोन्हींना एकाच पट्टीने बांधून वर सिमेंट लिंपले, तर ते सिमेंट रोज ताणले जाणार आणि एके दिवशी तडकणार. थर जाड केल्याने फक्त भेग रुंद पडते.

म्हणून येथे पट्ट्या दोन हव्यात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या नसाव्यात. खालची पट्टी छपराची : ती पत्र्यावर किमान ६ इंच उतरते, भिंतीलगत ५ इंच वर चढते, आणि फक्त पत्र्याला स्क्रू केली जाते, भिंतीला नाही. वरची पट्टी भिंतीची, जिला बांधकामात काउंटर फ्लॅशिंग म्हणतात : ती विटांच्या दरजेत, म्हणजे विटांच्या दोन थरांमधल्या सांध्यात, अडकवलेली असते आणि खालच्या पट्टीवरून किमान ४ इंच लोंबते. पत्रा खालच्या पट्टीसकट सरकत राहतो, भिंतीवरचे पाणी वरच्या पट्टीवरून घसरून खालच्या पट्टीवर पडते, आणि दोघींमध्ये एकही स्क्रू नसल्यामुळे कोणी कोणाला ओढत नाही. पुष्कळ कारागीर शेवटी ‘मजबुतीसाठी’ दोन्हींतून एक स्क्रू मारून टाकतात. त्या क्षणी हातात स्क्रूगन असलेल्या माणसाजवळ आपण उभे असावे.

खाच गिलाव्यात नव्हे, विटांच्या दरजेत पाहिजे. छपरापासून सहा ते आठ इंच उंचीवर आडवा दोरा धरून आधी गिलावा कापावा, दरज कोठे आहे ते पाहावे आणि हिऱ्याच्या चकतीच्या कटरने विटेत १ इंच आत जाईल एवढी खाच पाडावी. फक्त गिलाव्यात अडकवलेली पट्टी गिलावा फुगला की त्याच्यासकट बाहेर येते. पट्टीच्या वरच्या टोकाला १ इंचाचा आडवा ओठ आणि त्याच्या टोकाशी छोटी उलटी घडी द्यावी, म्हणजे ती खाचेत स्प्रिंगसारखी अडकते. त्याच पत्र्याच्या तुकड्यांच्या घट्ट घड्या करून दर दीड फुटावर पाचरीप्रमाणे ठोकाव्यात आणि मग खाच ब्रशने स्वच्छ करून, पूर्ण कोरडी असताना, पॉलियुरेथेन सीलंटने भरावी. येथे ओले सिमेंट नको, कारण त्याचा क्षार जस्त-ॲल्युमिनियमचा थर खातो. आंबट वासाचे सिलिकॉनही नको, कारण ते जस्ताला मानवत नाही आणि सिमेंटच्या पृष्ठभागावर नीट धरतही नाही. पट्टीची खालची कड थोडी बाहेर वाकवली, की पाणी भिंतीकडे परतत नाही.

पट्ट्या ८ फुटी घेऊन ६ इंचांचे जोड द्यावेत. आपली भिंत दक्षिणोत्तर आहे आणि पाऊस नैऋत्येकडून येतो. म्हणून दक्षिणेकडचा तुकडा उत्तरेकडच्या तुकड्यावर चढवावा, उलट केल्यास वारा जोडातच पाणी भरतो. पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीचे वरचे टोक पकडीने वर वळवून घ्यावे आणि खालच्या पट्टीखाली पन्हळीच्या आकाराचा फोम भरावा. न्हाणीघराच्या बाजूला मात्र एकच सरळ तिरकी खाच विटांमधून कापू नये. तेथे दरजा आडव्या आणि छप्पर उतरते, त्यामुळे वरची पट्टी पायऱ्यापायऱ्यांनी, प्रत्येक तुकडा आपापल्या दरजेत अडकवून, खालून वर चढवत न्यावी लागते. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याची मजुरी वेगळी ठरवून घ्यावी.

चिकटपट्टी स्वच्छ धातूवर तात्पुरती ठीक, पण गिलाव्याच्या भुकटीवर ती पहिल्याच उन्हाळ्यात कडा सोडते.

जांभा :
वरील उत्तर योग्यच आहे, परंतु पाणी खरोखर त्या सांध्यातूनच येते, हे आधी तपासावे असे मला वाटते. काउंटर फ्लॅशिंग भिंतीच्या पृष्ठभागावरचे पाणी बाजूला काढते. विटेने पोटात घेतलेले पाणी ती अडवत नाही. आमच्या घरी पट्टी नवी करकरीत होती, तरी ओल कायम राहिली, कारण पाणी वरच्या खिडकीच्या उंबऱ्याखालच्या भेगेतून शिरून विटांमधून पट्टीच्या मागून उतरत होते. कोरड्या दिवशी नळी घेऊन आधी फक्त पत्र्यावर, मग सांध्यावर, मग वरच्या भिंतीवर, असे प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडावे आणि आत एका माणसाला बसवावे. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा शाबूत नसेल, तर पट्टीआधी त्याची डागडुजी करावी.

न्हाणीघराची भिंत साडेचार इंची असल्यास १ इंच खाच मला जास्त वाटते. पाऊण इंचावर थांबावे.

वळचण :
दोघांचेही आभार. काल नळी लावून पाहिली. पत्र्यावर पाणी सोडले तेव्हा आत कोरडे होते. सांध्यावर सोडताच सातव्या मिनिटाला ओघळ आला. वरच्या भिंतीतून काही आले नाही. न्हाणीघराची भिंत साडेचार इंचीच निघाली. आता एकच शंका आहे : गवंड्याचा जुना वाटा फोडावा, की त्याच्यावरूनच पट्टी घालावी?

ओळंबा :
फोडावा. तो राहिला तर खालची पट्टी भिंतीला सपाट लागणार नाही आणि त्याच्या पोटातली ओल पत्र्याला गंज आणील. छिन्नीने हलक्या हाताने काढावा. खाच पाडताना छपरावर ताडपत्री अंथरावी आणि पट्ट्या कटरने न कापता पत्र्याच्या कात्रीने कापाव्यात, कारण कटरच्या तापलेल्या ठिणग्या रंगीत पत्र्यात रुततात आणि पहिल्या पावसानंतर जागोजागी तांबडे ठिपके दिसू लागतात. संध्याकाळी काम आवरताना छपरावरचा कीसही झाडून घ्यावा. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात हे उरकल्यास सीलंट सुकायला पुरेसे कोरडे दिवस मिळतील.