अनुभव धागा: तुमची कुठली गाडी गेली?

सावर्डेकर
लंडनला असलेल्या भाच्याने काल रात्री फोटो पाठवला. तिथल्या डॉकलँड्स लाइट रेलच्या नव्वदीतल्या गाड्या आता मोडीत काढताहेत. त्या गाडीला ड्रायव्हरची केबिनच नाही, त्यामुळे सगळ्यात पुढच्या काचेपाशी कुणीही बसावं. फोटोत पन्नाशी उलटलेले चार बाप्ये त्या पुढच्या सीटसाठी ताटकळत उभे. खाली लिहिलंय, "मामा, हे निरोप द्यायला आलेत."

मला आमची मीटरगेज आठवली. आमचं घर कुडचड्याचं, स्टेशनाचं नाव सावर्डे, हे गोंयकारांना सांगायला नको. घर रुळाला इतकं लागून की सकाळची गाडी गेली की आई भाताचं आधण ठेवायची. गाडी लेट तर शीतही लेट. शाळेतून येताना माझा एक खेळ होता, डावा पाय एका रुळावर, उजवा दुसऱ्यावर, मध्ये मीटरभर अंतर, आणि तसाच लोंबकळत हात सोडून उभा. नव्वदीत रुळांचं रुंदीकरण आलं. कंत्राटदाराची माणसं जुने रूळ काढत होती तेव्हा मी शेवटचा तसा उभा राहिलो, एकाने कानडीतून हाकललं. नंतर ब्रॉडगेजवर करून बघितलं. १.६७६ मीटर! तंगड्या फाटायची वेळ आली.

हार नाही, नारळ नाही, एक दिवस गाडी आलीच नाही. आई काही दिवस घड्याळ नसल्यासारखी वागत होती. तुम्हीही सांगा, कुठलीही गाडी चालेल.

वास्को_७२
मिरज!!! मुंबईहून ब्रॉडगेजने मिरजेपर्यंत आणि मग सगळं बिऱ्हाड उचलून मीटरगेजच्या फलाटाकडे पळायचं. एका हातात मी, एका हातात ट्रंक, बाबांच्या डोक्यावर होल्डॉल. जागा धरायला धाकट्या काकाला खिडकीतून आत ढकलायचे. आता सांगितलं तर पोरांना खोटं वाटतं

आबोली
खिडकीतून ढकलायचे 😂 आमच्याकडे तो मान आत्याचा होता. नऊवारीत.

कुळेंकार
दादा, सावर्ड्याचं ठीक आहे पण खरी गाडी बघायची तर आमच्या कुळेंला. घाटावरच्या कॅसलरॉककडे जाणारी गाडी आली की मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागायचा. चढच तसा आहे, ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. पुढचं इंजिन शिटी मारणार, मागचं उत्तर देणार, मग हळूच मागून एक ढुशी. ती ढुशी बसली की डब्यातला प्रत्येक माणूस एकदम मान हलवायचा, जसं काही सगळ्यांनी होकार दिला. माझे आजोबा पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. त्यांना आवाजावरून कळायचं कोण चालवतोय.
बँकर अजूनही लागतात, ब्रॉडगेजवरही लागतात. पण मीटरगेजची ती वायडीएम-४ डिझेल इंजिनं गेली ती गेली. आजोबा निवृत्त झाले ते आधीच, त्यामुळे त्यांना शेवटची गाडी बघावी लागली नाही. बरं झालं म्हणायचं.

पेडणेकरीण
हे मीटरगेज म्हणजे पोर्तुगीजांच्या वेळचीच ना?

कुळेंकार
होय ताई. मुरगाव ते कॅसलरॉक, १८८८ पासून पूर्ण. पुढे १९०२ ला सदर्न मराठा रेल्वेने चालवायला घेतली. गाडी पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राज्यातून इंग्रजांच्या राज्यात जायची. कुळेंला पोर्तुगीज कस्टम, वर कॅसलरॉकला पलीकडचं.

मोगरें
कस्टमवरून. माझ्या आज्जीचं माहेर बेळगाव, सासर मडगाव. कुळेंला ट्रंका उघडायच्या म्हणून ती लोणच्याच्या बरणीभोवती मुद्दाम मळके लुगडे गुंडाळायची, कोण हात लावत नसे. १९५५ ला गाडी बंद झाली. भारताने गोव्याची केलेली आर्थिक नाकेबंदी. तिची आई त्या काळात गेली, आज्जीला पोचता आलं नाही. गोवा मुक्त झाल्यावर गाडी सुरू झाली तेव्हा ती पहिल्यांदा गेली ती थेट भावाच्या दारात, आणि म्हणे दोघंही काही बोलेनात, वहिनीने चहा टाकला.
विषय निरोपाचा होता, मी भलतीकडे गेले. माफ करा.

वास्को_७२
भलतीकडे कुठे, हाच तर विषय आहे.

थिवीचो_बाब
चवथीला कुणाला मुंबई-थिवी कन्फर्म तिकीट मिळालं का? वेटिंग ११२ दाखवतंय. विषयाबाहेर आहे माहीत आहे पण इथे सगळे रेल्वेवाले जमलेत म्हणून विचारलं

आबोली
११२ म्हणजे गणपती विसर्जनालाच पोचाल

मडगांवची
स्कायबसचं कुणीच कसं नाव काढलं नाही? लाइट रेलच म्हणायची ना ती पण?

नव्या मुलांसाठी सांगते. मडगावच्या रेल्वे स्टेशनाजवळ खांबांवर काँक्रीटची लांबलचक पेटी होती आणि तिच्या खाली डबा लटकत असे. चाकं पेटीच्या आत. कोकण रेल्वेचे बी. राजाराम यांची कल्पना. चाचणीचा मार्ग १.६ किलोमीटर. म्हापसा-पणजी धावणार म्हणून किती बोलबाला! आम्ही शाळेच्या रिक्षातून बघायचो. मुलांनी नाव ठेवलं होतं वटवाघूळ. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीच्या वेळी डबा खांबावर आदळला, एकाचा जीव गेला. त्यानंतर सगळं थंड. खांब मात्र वर्षानुवर्षं उभे. मी कॉलेजला गेले, लग्न झालं, मुलगा झाला, खांब आहेतच. २०१३ ला उतरवले.

नवऱ्याला म्हटलं, गाडी थांबव जरा, बघू दे. तो म्हणतो, ज्या गाडीत कुणी बसलंच नाही तिला निरोप कसला? मी तरी उतरले. गॅस कटरच्या ठिणग्या पडत होत्या, खाली एक माणूस जेवणाचा डबा उघडून पोयं-भाजी खात होता. तेवढाच निरोप.

सावर्डेकर
मडगांवची, मी विसरलोच होतो बघा! भाच्याला विचारलं, तो म्हणतो त्यांच्या लाइट रेलच्या अगदी पहिल्या, १९८७ च्या गाड्या जर्मनीला एसेन शहराने विकत घेतल्या. तिथे त्यांना ड्रायव्हरची केबिन बसवून पुढे चालवल्या. आपल्या वटवाघळाला कोण घेणार होतं.

मडगांवची
भंगारवालो घेता 🙂

रुळावरचा
मी पेडण्याचा, बारावीत आहे, इथे सगळे काका-मावशी दिसताहेत 🙏 मला मीटरगेज बघायला मिळाली नाही. माझी गाडी म्हणजे डिझेल. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ ला पूर्ण झालं, मग हळूहळू एकेका गाडीला इलेक्ट्रिक इंजिन लागत गेलं. रोज संध्याकाळी सायकलने बोगद्यापाशी जायचो. जुन्या आल्को डिझेल इंजिनाचा आवाज आधी बोगद्यातून पोटात येतो, कानात नंतर. उभी असली की डुग डुग डुगडुग असं अडखळत बोलते. सुटताना काळा धूर. पावसात तो धूर वर जात नाही, झाडीत अडकून राहतो आणि दहा मिनिटं डांबरासारखा वास येतो.
माझ्याकडे ४१ रेकॉर्डिंग आहेत. शेवटचं घेताना नेमका आईचा फोन आला, "दूध आणलंस का". ते तसंच ठेवलंय.

आबोली
अरे बाळा ते दूधवालं टाक की इथे

पेडणेकरीण
कुणाचा रे तू? बोगद्यापाशी सायकल घेऊन उभा राहणारा मुलगा मी बघितलाय. पावसात तिथे जाऊ नकोस, २०२० ला आतली भिंत कोसळली होती, विसरलास? आईला सांगते थांब

रुळावरचा
मावशी प्लीज नको 😭 मी बाहेरच असतो, रस्त्यावर

वास्को_७२
पोरा, ऐक. मीटरगेजचा आवाज माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसेल. त्या वेळी घरात टेपरेकॉर्डर होता पण त्यावर आम्ही नाट्यगीतं टेप करायचो. तुझी ४१ जपून ठेव, फोनवर ठेवू नको नुसती.

कुळेंकार
दूधसागरला गाडी हळू व्हायची तेव्हा धबधब्याचे तुषार थेट खिडकीतून आत. आम्ही लाकडी झडपा मुद्दाम उघड्या ठेवायचो, पलीकडे बसलेली बेळगावची मंडळी ओरडायची. आता जीपने जातात लोक, चारशे फोटो काढतात, एक थेंब अंगावर घेत नाहीत. असो, म्हातारा झालो.

थिवीचो_बाब
मांडवी एक्सप्रेसमध्ये आरएसी मिळाली!! अर्धी सीट पण चालेल. कटलेट खात येतो.

आबोली
शुभ वार्ता. दुसऱ्या अर्ध्या सीटवरच्याला पण एक कटलेट द्या

मोगरें
आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणते आज्जीची ती बरणी अजून माळ्यावर आहे, झाकण नाही. रविवारी काढून बघते.

सावर्डेकर
जरूर बघा ताई, फोटो टाका. रुळावरचा, तुझं ते दुधाचं रेकॉर्डिंग मला पाठव, भाच्याला लंडनला पाठवतो. आणि आईंना ऐकवलंस का कधी?

रुळावरचा
नाही काका. दूध विसरलो होतो त्या दिवशी.