काखेत न कापणारा हार्नेस हवाय, आणि तोही डोक्यातून न घालायचा

टीपदोरा, अंजर्ले:

नमस्कार मंडळी. आमचा बोंडू गावठी कुत्रा, अडीच वर्षांचा, वजन १९ किलो. काजूखाली बोंडं वेचायला गेले होते तेव्हा पाचोळ्यात सापडला म्हणून बोंडू, आणि रंगही पिकल्या बोंडासारखाच. घरात अगदी शहाणा. सासूबाईंच्या पायाशी तासन् तास पडून असतो, माझं मशीन सुरू झालं की शेपूट आपणहून आवरून घेतो. पण मी पट्टा हातात घेतला की त्याच्या अंगात वारं शिरतं.

आमचं घर वरच्या अंगाला आहे. समुद्रावर जायचं म्हणजे जांभ्याची पाखाडी उतरायची, ६४ पायऱ्या. बोंडू पुढे, मी मागे आणि मधे तारेसारखा ताणलेला पट्टा. गळ्यातल्या पट्ट्याने त्याला ठसका लागतो, घशातून घरघर येते, तरी ओढायचं सोडत नाही. गेल्या श्रावणात शेवाळलेल्या पायरीवरून मी घसरले. उजवं मनगट, पाच आठवडे प्लास्टर. मी ब्लाउज शिवते, तीस वर्षं हेच करतेय. ऐन गणपतीच्या तोंडावर आलेलं काम सगळं परत पाठवावं लागलं. बोंडूचा राग नाही आला, खरंच नाही. मी पडले तसा तो जागच्या जागी थांबला आणि माझं तोंड चाटत बसला. पण आता पहिली पायरी उतरतानाच छातीत धडधडतं.

त्याला मोकळा सोडायचा प्रश्नच नाही. आमच्या किनाऱ्यावर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कासवमित्र पहाटे फिरून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणातल्या हॅचरीत नेऊन पुरतात. त्यांच्या आधी एखादा कुत्रा पोचला तर शंभराहून जास्त अंड्यांचं घरटं गेलंच म्हणून समजा. आणि बोंडू तर कुर्ल्यांच्या बिळासाठी मान आत जाईपर्यंत वाळू उकरणारा.

मुलाने पुण्याहून दोन हार्नेस पाठवले, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पोटाभोवती बांधायचे पट्टे. पहिला छातीवर आडव्या पट्टीचा. वजन बघून मीडियम मागवला होता. चार दिवसांत दोन्ही काखांतले केस गेले, कातडी लाल झाली, त्यात खारं पाणी लागलं की तो पाय झटकायचा. दुसरा मऊ आहे, पण डोक्यातून घालायचा. तो दिसला की बोंडू खाटेखाली जातो. त्याचं वेल्क्रो फाडताना जो आवाज होतो त्याने तर दिवसभर माझ्याजवळ येत नाही.

मला कापड कळतं, माप घेता येतं. कुत्र्याचा खांदा कसा चालतो ते कळत नाही. कुठला आकार घेऊ? कडी पाठीवर हवी की छातीवर? आणि थोडंफार मीच शिवलं तर चालेल का? दीड हजारापर्यंत खर्च करायची तयारी आहे.

पशुवैद्य, चिपळूण:

काकू, आधी काखेतली जखम. ती कोरडी होऊन केस परत यायला लागेपर्यंत तिथे कुठलीही पट्टी नको. तोवर समुद्र बंद, घराजवळच फिरवा. आपल्या डब्यातलं मलम लावू नका, तो ते चाटणार. ओल सुटली किंवा वास आला तर दापोलीला दाखवून या.

आता आकार. तुम्ही शिवता म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. आडव्या पट्टीचा हार्नेस म्हणजे मुंढा चुकलेला ब्लाउज. बाईला हात वर करता येत नाही, तसा कुत्र्याला पुढचा पाय पूर्ण पुढे टाकता येत नाही. पट्टी नेमकी खांद्याच्या सांध्यावरून जाते. तुम्हाला इंग्रजी वाय अक्षरासारखा हवा: गळ्याच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या पट्ट्या छातीच्या हाडावर एकत्र येतात आणि तिथून एकच पट्टी पुढच्या दोन पायांमधून मागे जाते. दोन्ही खांदे मोकळे राहतात. पोटाभोवतीची पट्टी काखेत येता कामा नये. कोपराच्या मागे किमान तीन बोटं जागा सोडा. प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं आडवी, सपाट सरकली पाहिजेत. जास्त सैल ठेवलात तर घासतो, आणि हुशार कुत्रा मागे सरकून त्यातून निसटतोही.

वजनावरून साइज घेऊच नका. आपल्या गावठी कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर बारीक असते, लॅब्रेडॉरच्या मापाने बेतलेला पट्टा त्यांना कधीच नीट बसत नाही. शिवणाच्या टेपने पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा सगळ्यात मोठा घेर घ्या, आणि गळ्याचा घेर मानेच्या मुळाशी, पट्टा बांधतो तिथला नाही. गळ्यापाशी आणि पोटापाशी दोन्हीकडे बकल उघडणारा बघा, म्हणजे डोक्यातून काही घालायलाच नको.

कडी दोन्हीकडे हवी. फक्त पाठीवर असेल तर कुत्रा सगळी छाती लावून ओढतो. बर्फात घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेस घालतात तो याचसाठी. छातीवरच्या कडीला पट्टा लावला तर ओढल्याबरोबर तो तुमच्याकडे वळतो, जोर मोडतो. पाखाडीवर छातीची कडी वापरा. वाळूत लांब दोरी लावाल तेव्हा मात्र पाठीचीच. लांब दोरीवर धावताना छातीला हिसका बसला तर खांदा दुखावेल.

जांभाचिरा, दापोली:

एवढा विचार कशाला? आमच्या वडिलांनी आयुष्यभर लोखंडी साखळीवर कुत्री वागवली. आवळणारी साखळी घ्या, दोन दिवसांत सरळ चालेल.

पशुवैद्य, चिपळूण:

दादा, जो कुत्रा आधीच ठसकतोय त्याच्या श्वासनळीवर आणखी दाब द्यायचा नाही. आवळल्यामुळे तो थांबेल ते दुखतं म्हणून, आणि पुढे पट्टा दिसला तरी घाबरेल. बोंडू आत्ताच वेल्क्रोच्या आवाजाला घाबरतोय. काकू, कृपा करून साखळी नको.

ताडपत्री, मालवण:

काकू, डॉक्टरबायनी सांगितला ता बरोबर असा. मी फक्त शिलाईचा सांगतंय. बोटींच्यो ताडपत्र्यो शिवतंय मी. कापसाच्या दोऱ्यान टीप मारू नकात. खाऱ्या पाण्यात दोरो कुजता आणि नेमको ओढतल्या वेळेक तुटता. पॉलिस्टरचो नायतर नायलॉनचो जाडो दोरो घेवा. जय कडी बसता थय चौकोन शिवा आणि चौकोनात फुली मारा, मगे ओढ सगळ्या टाक्यांवर वाटान जाता. घरच्या मशीनची सुई मोडतली, बॅगा शिवतल्याकडसून करून घेवा. आणि कडी पितळेची बघा. लोहचुंबक चिकाटलो तर ती पितळ नाय, आतसून लोखंड असात तर पयल्याच पावसात गंजतली.

आमच्या शेरूक पण डोक्यातसून कायच घातलेला चलत नाय. तेका बकलाचो आवाज जेवताना ऐकवलो, पंधरा दिवस. मगे आपणहून उभो रवाक लागलो.

टीपदोरा, अंजर्ले:

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी काखा बऱ्या होऊ दिल्या. आज पाच आठवडे झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

माप घेतलं: छाती २५ इंच, मानेच्या मुळाशी १६. पहिल्या हार्नेसची पोटाची पट्टी आवळून पाहिली तर शेवटच्या घरातही पोकळी राहत होती आणि ती सरकून थेट काखेत जात होती. म्हणजे दोष बोंडूच्या हट्टाचा नव्हताच. त्याला दुखत होतं.

नवीन आणायच्या आधी मी परकराच्या जुन्या नाडीचा कच्चा हार्नेस करून पाहिला, नुसत्या टाक्यांनी जोडलेला. फिरवायला नव्हे, बेत कळावा म्हणून. बोंडू उभा असताना नाडी छातीच्या हाडावर धरली आणि त्याला खोबऱ्याच्या तुकड्यामागे चार पावलं चालवलं. तेव्हा प्रथमच नीट दिसलं. त्याचा खांदा केवढा पुढे येतो! कातडीखाली हाड सरकतं, आणि आडवी पट्टी त्याच जागेवर आडवी पडलेली असते. तीस वर्षं मुंढे कापून मला हे आधी दिसलं नाही याचं वाईट वाटलं.

मग वाय आकाराचा घेतला, दोन बकलांचा, दोन कड्यांचा, १२५० रुपये. छातीची कडी लोहचुंबकाला चिकटली. ती उसवून पितळेची बसवली, दापोलीत बॅगा शिवणाऱ्यांकडून, चौकोन आणि फुलीच्या टीपेने. काखेजवळच्या पट्टीवर मी जुन्या बनियनच्या होजिअरी कापडाच्या खोळी शिवल्या, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे कातडीला फक्त सपाट कापड लागेल. चार जोड केले. समुद्रावरून आलं की खोळ काढून धुवायची, हार्नेस गोड्या पाण्यातून काढून पडवीत सावलीला टांगायचा. बकलातली वाळू जुन्या टूथब्रशने काढते, नाहीतर ते नीट लागत नाही आणि आपल्याला वाटतं लागलं.

घालायची सवय लावणं हे सगळ्यात मोठं काम होतं. ताडपत्रीदादांनी सांगितलं तसं रोज संध्याकाळी त्याची भाकरी-कोंबडी ताटलीत वाढताना लांबून बकल वाजवायचे. पहिले तीन दिवस कान मागे, जेवण अर्धं टाकून निघून गेला. मी आवाज कमी केला, पदरात धरून वाजवला. आठव्या दिवशी त्याने मान वर केली नाही. मग हार्नेस मशीनशेजारी जमिनीवर पसरून ठेवला, त्यावर कोंबडीचे उकडलेले तुकडे. मग पाठीवर नुसता ठेवला. मग गळ्याचं बकल. पोटाचं बकल लावलं तो सोळावा दिवस, आणि त्याने फक्त एकदा वळून वास घेतला. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "अगो, त्याला विचारून घातलंस की घालू देतो."

पाखाडीवर मी एकच नियम धरला. पट्टा ताणला की मी थांबणार, सैल झाला की निघणार. ओरडायचं नाही, मागे खेचायचं नाही. पहिल्या दिवशी ६४ पायऱ्यांना पंचवीस मिनिटं लागली. गडग्याच्या कोपऱ्यावर त्याला हवा तेवढा वास घेऊ देते, तिथे घाई करत नाही. आता आठ-नऊ मिनिटांत खाली असतो. ठसका पूर्ण गेला. तिन्हीसांजेच्या आत परत येतो, बिबट्याची भीती आहे म्हणून.

एकच अडचण उरलीय. कुर्ली दिसली की तो अजूनही झेपावतो, आणि छातीच्या कडीला पट्टा असला की सगळा हार्नेस उजवीकडे फिरतो. खोळ त्या बाजूला जरा चोळवटते. कातडी अजून ठीक आहे, पण मला ते परत होऊ द्यायचं नाही.

पशुवैद्य, चिपळूण:

काकू, फार छान केलंत. खोळी चढवल्यावर पट्टी कशी बसते ते पुन्हा बघा. पोटाची पट्टी एक घर आवळा, दोन बोटांचा नियम पाळूनच. आणि दोन्ही टोकांना हुक असलेला पट्टा घ्या: एक हुक छातीला, एक पाठीला. ओढ दोन्हीकडे वाटली जाते, हार्नेस फिरत नाही. घरात हार्नेस अंगावर ठेवू नका. पावसाळ्यात पट्टीखाली ओल राहिली तर बुरशी येते, आणि गोचिडीही तिथेच दडतात.

टीपदोरा, अंजर्ले:

आवळलं. खरंच सैल बसत होता. दोन हुकांचा पट्टा मुलाला आणायला सांगितलाय, तोवर जुन्या पट्ट्याला दुसरा हुक बॅगवाल्यांकडून लावून घेतला. आज सकाळी हॅचरीच्या कुंपणाजवळून गेलो. बोंडूने वास घेतला, पट्टा ताणला, मी थांबले, तो वळून माझ्याकडे आला.

कुणाच्या कुत्र्याला काखेत घासत असेल तर खोळी शिवून देईन, पैसे नकोत. पट्टीची रुंदी आणि काखेपासून काखेपर्यंतची लांबी इंचात लिहा, आणि कुत्रा पाण्यात जातो का तेही, कापड त्यावर ठरवते.