धातुकाचेच्या नॅनोतारा: कापलेली की साच्यातली?

तारांगण:
धातुकाचेच्या (स्फटिक न होता काचेसारख्या अस्ताव्यस्त रचनेत गोठलेल्या मिश्रधातूच्या) साधारण १०० नॅनोमीटर व्यासाच्या तारा ओढून तपासायच्या आहेत. पेच असा की एमडी (अणूअणूची हालचाल मोजणाऱ्या) सिम्युलेशनमध्ये ठोकळ्यातून कापलेली तार जास्त ताकद दाखवते, पण एकाच शिअर बँडवर (सगळी विकृती एकवटणाऱ्या अरुंद पट्ट्यावर) तुटते. द्रवापासून थेट तारेच्या आकारात गोठवलेली मात्र कमी ताकदीची आणि सगळीकडे सारखी ताणली जाणारी. प्रयोगांचे पेपर वाचावेत तर नेमकं उलटं: गॅलियम आयन बीमने (एफआयबी) कोरलेल्या तारांत नेकिंग (तुटण्याआधी एका जागी बारीक होणं) दिसतं, साच्यातल्या ठिसूळ निघतात. मग ‘१०० नॅनोमीटरखाली धातुकाच तन्य (न तुटता ताणली जाणारी) होते’ हे नक्की कोणत्या तारांबद्दल? आणि नमुने कोणत्या पद्धतीने करावेत?

शून्यक्रम:
विरोध दिसतो तेवढा खरा नाही. सिम्युलेशनमध्ये ‘कापणं’ म्हणजे व्यासाबाहेरचे अणू पुसून टाकणं. उरलेल्या अणूंना धक्का लागत नाही, आतली घट्ट रचना तशीच राहते. खऱ्या एफआयबीत ३० किलोव्होल्टचे आयन पृष्ठभागाखालचे १०-२० नॅनोमीटर ढवळून सैल करतात. १० नॅनोमीटरच धरा: १०० नॅनोमीटरच्या तारेत ३६ टक्के छेद बाधित, ५० नॅनोमीटरच्या तारेत ६४ टक्के. म्हणजे व्यास कमी करताना बाधित भागही वाढवत नेताय, आणि श्रेय मात्र आकाराला देताय.

द्रवापासून गोठवण्याचंही तेच. एमडीत थंड होण्याचा वेग सेकंदाला १०^१० ते १०^१३ केल्व्हिन. तार सैल गोठते, पृष्ठभागाजवळ मिश्रणाचं प्रमाणही बदलतं. प्रयोगशाळेत साच्यातली तार काचसंक्रमण तापमानाच्या (ज्याच्या वर काच मऊ होऊन वाहू लागते) वर ठेवून मग निवांत थंड होते, म्हणून ती बरीच घट्ट बसलेली असते.

सर्वात स्वच्छ पुरावा २०१३चा, प्लॅटिनम-तांबे-निकेल-फॉस्फरसच्या साच्यातल्या तारांवरचा. जशा निघाल्या तशा ठिसूळ. गॅलियम आयनांचा मारा केल्यावर तन्य. नंतर अनीलिंग केल्यावर (काही वेळ तापवून ठेवल्यावर) पुन्हा ठिसूळ. तन्यता आकाराने आली असती तर अनीलिंगने गेली नसती. आकाराचा काहीच वाटा नाही असं मात्र म्हणणार नाही. तो आहे, पण काचेची अवस्था (अणू किती घट्ट वा सैल बसलेत) सारखी ठेवल्याशिवाय मोजता येत नाही.

साचेकार:
साच्याने करायच्या तर हीच मिश्रधातू घ्या. काचसंक्रमण साधारण २३० अंश सेल्सिअस आणि हवेत फारशी ऑक्सिडाइज होत नाही. झिर्कोनियमवाल्यांचा पृष्ठभाग तापवताना ऑक्साइड धरतो, तिथे निर्वात किंवा आर्गॉन लागतोच.

साचा ॲनोडाइज्ड ॲल्युमिनाचा (नॅनोछिद्रं असलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा), मऊ मिश्रधातू त्या छिद्रांत दाबायची. दाबाचा हिशेब आधी करा. श्यानतेचा भाग ३२ × श्यानता ÷ वेळ × (लांबी ÷ व्यास)^२. श्यानता १०^६ पास्कल-सेकंद, वेळ ६० सेकंद, लांबी व्यासाच्या दसपट, तर सुमारे ५३ मेगापास्कल. द्रव भिंतीला धरत नसेल तर केशिकादाबही वर येतो: पृष्ठताण १ न्यूटन प्रति मीटर धरला तर १०० नॅनोमीटरच्या छिद्राला जास्तीत जास्त ४० मेगापास्कल, २० नॅनोमीटरच्या छिद्राला २०० मेगापास्कल. इथे लोक दाब कमी पडला की वेळ वाढवतात, आणि स्फटिक धरतात. त्यापेक्षा तार आखूड करा, लांबीचा वर्ग आहे.

नंतर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ॲल्युमिना विरघळवा. साधं हवेत वाळवलं की तारा एकमेकींना चिकटून झुबके होतात, म्हणून क्रिटिकल पॉइंट ड्रायिंग (द्रवाचा पृष्ठताण न लागू देता वाळवणं) करा. प्रत्येक बॅचमधली एखादी तार टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन आरपार जाणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) डिफ्रॅक्शनला लावा. तारांखाली मूळ ठोकळाही असतो, त्यामुळे एक्सआरडीत (क्ष-किरण डिफ्रॅक्शनमध्ये) दिसणारा काचेचा पसरट उंचवटा त्याचाच असतो. तारेतले बारीक स्फटिक त्यात बुडून जातात.

शून्यक्रम:
मोजमापाबद्दल राहिलं. ताणलेल्या तारेत साठलेली, शिअर बँडला पुढे ढकलणारी स्थितिस्थापक ऊर्जा व्यासाचा वर्ग गुणिले लांबी या प्रमाणात, शिअर बँडचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या. भागाकारात व्यास उडतो, लांबी उरते! खांबांच्या प्रयोगांत लांबी व्यासाच्या पटीत ठरवतात, म्हणून व्यासाचा परिणाम दिसतो. त्याच १०० नॅनोमीटरची तार ६०० नॅनोमीटरऐवजी ५ मायक्रोमीटर लांब घेतलीत, तर बँडला दर क्षेत्रफळामागे आठपटीहून जास्त ऊर्जा मिळते. त्यामुळे लांबी पेपरात लिहिलेली नसेल तर तुलना करू नका.

वरून खाली कोरताना प्रत्येक बाजूला २ अंशांचा उतार राहिला, तर ६०० नॅनोमीटरमध्ये व्यास १०० वरून १४२ होतो, म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट. तार अरुंद टोकाशीच तुटणार आणि सरासरी व्यास वापरलात तर ताकद कमी येणार. व्यासात ५ टक्के चूक म्हणजे ताणात १० टक्के. विकृती पकडीच्या हालचालीवरून काढू नका. तार पकडीला चिकटवणारा प्लॅटिनमचा डाग सरकतो आणि तार तन्य असल्याचा भास होतो. तारेवर दोन खुणा करून त्यांच्यातलं अंतर मोजा.

तारांगण:
म्हणजे साच्यातल्या एकाच बॅचचे तीन गट: जशाच्या तशा, आयनमारा केलेल्या, आयनमारा करून अनील केलेल्या. लांबी तिन्हींत सारखी.

साचेकार:
हो. फक्त पहिल्या गटातल्या तारा एफआयबीत ठेवून पकडीला जोडताना आयनांनी इमेजिंग करू नका, इलेक्ट्रॉनने करा, आणि प्लॅटिनमही इलेक्ट्रॉन बीमनेच टाका. एरवी पहिला गट नकळत दुसऱ्यात जातो.