विटांची मिलिटरी स्पेशल : रुंदी किती धरावी, प्रमाण कोणते, आणि घाट चढेल का?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. यंदाच्या चतुर्थीला आमच्या मूळ घरी सगळी भावंडे जमतील, तेव्हा गणपतीच्या शेजारच्या खोलीत देखावा म्हणून लेगोच्या विटांची लष्करी आगगाडी उभी करावी, असे मी आणि माझ्या पुतणीने ठरवले आहे. कल्पना अशी, की पुढे डिझेल इंजिन, मागे रणगाडे लादलेल्या सपाट वाघिणी, जवानांचा एखादा डबा आणि शेवटी गार्डाचा डबा, अशी मिलिटरी स्पेशल ब्रागांझा घाटातून (कॅसल रॉक ते कुळे या रेल्वेमार्गावरच्या घाटातून) जाताना दिसावी आणि पाठीमागे दूधसागर असावा. तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असे टेबल मिळाले आहे. हाताशी प्रवासी गाडीचा एक तयार संच, त्यातली मोटर, रूळ आणि पुष्कळ सुट्या विटा आहेत.

अडचण सुरुवातीलाच आली आहे. तयार संचातली गाडी सहा स्टड (विटेवरचे गोल उंचवटे) रुंद आहे. तिच्याच मापाने वाघीण बांधून वर रणगाडा ठेवला, तर तो एक तर खेळण्यातला वाटतो किंवा वाघिणीच्या दोन्ही बाजूंनी इतका बाहेर येतो की काहीतरी चुकले आहे असे वाटत राहते. गाडी किती स्टड रुंद असावी, रणगाडा कोणत्या प्रमाणात बांधावा, आणि खरोखरीचा चढ दाखवला तर एका मोटरीवर गाडी तो चढेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. पुतणी बारा वर्षांची आहे, आणि ‘असेच का?’ हा प्रश्न ती प्रत्येक मापाविषयी विचारते; त्यामुळे उत्तरासोबत कारणही मिळाले तर फार बरे होईल.

उत्तर १ (मडगाव)

आपल्या पुतणीच्या ‘असेच का’ला या बाबतीत उत्तम उत्तर आहे, कारण इथे प्रमाण आपल्या आवडीवर सोडलेले नाही, ते रुळांनीच ठरवून दिले आहे. लेगोच्या दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये साधारण साडेसदतीस मिलिमीटर अंतर असते. भारतातील ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा आहे. एकाला दुसऱ्याने भागले की 1:45 हे प्रमाण हाती येते, आणि एकदा ते मान्य केले की बाकीची मापे आपोआप जुळत जातात.

डब्ल्यूडीएम-2 हे आपल्याकडचे 1960च्या दशकापासूनचे सर्वपरिचित डिझेल इंजिन घ्या. त्याची रुंदी सुमारे 2.86 मीटर आणि लांबी सुमारे 17.1 मीटर आहे. एक स्टड म्हणजे 8 मिलिमीटर; तेव्हा 1:45 प्रमाणात हे इंजिन जवळजवळ बरोबर 8 स्टड रुंद आणि 48 स्टड लांब होते. म्हणजे सहा की आठ, हा प्रश्न ब्रॉडगेजपुरता तरी निकालात निघतो. सहा स्टडची गाडी दिसायला गोजिरी असते, पण त्या मापात रूळ गाडीच्या मानाने फार रुंद दिसतात आणि लष्करी गाडीचे जडपण हरवून जाते.

आता रणगाडा. टी-72, म्हणजे आपल्या सैन्यातला ‘अजेय’, सुमारे 3.59 मीटर रुंद आहे. 1:45 ने तो 80 मिलिमीटर, म्हणजे 10 स्टड होतो. आठ स्टडच्या वाघिणीवर तो दोन्ही बाजूंना एकेक स्टड बाहेर येणार, आणि तो तसाच यायला हवा. आपल्याला जे चुकल्यासारखे वाटत आहे ते प्रत्यक्षातही तसेच आहे : ब्रॉडगेजवर गाडीच्या रुंदीची नेहमीची मर्यादा सव्वातीन मीटरची, रणगाडा तिच्याहून रुंद, म्हणून तो लादलेली गाडी रेल्वेच्या लेखी ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कन्साइनमेंट, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा माल) ठरते आणि तिच्यावर खास निर्बंध येतात. तेव्हा रणगाडा आठ स्टडमध्ये कोंबण्याच्या मोहात कृपा करून पडू नका. बाहेर आलेला तो एकेक स्टड हाच या देखाव्यातला सर्वांत खरा तपशील ठरेल.

रणगाड्याचा सांगाडा तोफ सोडून सुमारे 19 स्टड लांब आणि बुरुजाच्या माथ्यापर्यंत पाच विटा उंच येतो. त्याची चाके प्रत्येक बाजूला सहा असतात आणि खऱ्या चाकाचा व्यास 75 सेंटिमीटर आहे. 1:45 ने ते पावणेसतरा मिलिमीटर होते, आणि 2×2ची गोल प्लेट (पातळ वीट) नेमकी 16 मिलिमीटरची असते. म्हणून चाकांसाठी दुसरे काही शोधू नका. या गोल प्लेटी एकमेकींना चिकटवून न बसवता किंचित अंतर ठेवून बसवा, कारण सहा चाकांची ओळ पहिल्या चाकाच्या मध्यापासून शेवटच्या चाकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ 12 स्टड भरायला हवी. तोफेच्या नळीला लेगो माणसाच्या हातात बसणारी 3.2 मिलिमीटरची दांडी चालते. टी-72 एक्केचाळीस टनांच्या आसपासचा असल्यामुळे एका वाघिणीवर एकच ठेवा. दोन ठेवलेले पाहिले की रेल्वेतला कोणीही माणूस थबकेल.

लादण्याची रीत प्रत्यक्ष पाहायची असेल तर लष्करी गाडीच्या मागे जाऊ नका, तिची छायाचित्रे काढणे तर टाळाच. आपल्याकडे वेर्ण्याला कोकण रेल्वेची रो-रो सेवा आहे. 1999 पासून कोलाड ते वेर्णा अशी मालाने भरलेल्या ट्रकांची ने-आण सपाट वाघिणींवरून होते. चाकांना लावलेली अडकणे, वाघिणीची उघडी चौकट, बाजूच्या खुंट्या, दोन वाघिणींमधली मोकळी जागा, हे सगळे तिथे रस्त्यावरूनही दिसते. रणगाड्याच्या पट्ट्याखाली पुढे-मागे पाचर आणि चारही कोपऱ्यांतून खाली ताणलेली साखळी एवढे दाखवले, की रणगाडा ‘ठेवलेला’ न वाटता ‘लादलेला’ वाटू लागतो. यासाठी तपकिरी उताराच्या लहान विटा आणि लेगोचीच प्लास्टिकची साखळी पुरेशी आहे.

तयार रणगाडा विकत घेण्याचा विचार मनात आला असेल म्हणून सांगतो : आधुनिक युद्धसामग्रीचे संच न काढणे हे लेगो कंपनीचे जाहीर धोरण आहे, आणि 2020 मध्ये तर ऑस्प्रे या लष्करी विमानाचा संच विक्रीच्या तोंडावर मागे घेतला गेला. पोलंडची कोबी कंपनी असे संच काढते, विटाही जुळतात, पण तिचे अलीकडचे बरेच रणगाडे 1:28 प्रमाणात असतात. त्या प्रमाणात टी-72 सोळा स्टड रुंद होईल आणि आपल्या वाघिणीवर मावणार नाही. तेव्हा स्वतःच बांधा.

उत्तर २ (डिचोली)

वरील हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे, पण विषय लष्करी गाडीचाच असेल तर चिलखती गाडीचाही विचार व्हावा असे मला मनापासून वाटते, कारण बांधकामाच्या दृष्टीने तिच्यात शिकण्यासारखे अधिक आहे.

दुसऱ्या महायुद्धातली सोव्हिएत बीपी-43 ही गाडी पाहा. मधोमध चिलखत चढवलेले वाफेचे इंजिन. त्याच्या पुढे-मागे मिळून चार तोफवाघिणी, प्रत्येकीवर टी-34 रणगाड्याचाच बुरूज. शिवाय विमानवेधी तोफांच्या दोन वाघिणी. इंजिन मध्ये ठेवण्यामागचा विचार पुतणीला नक्की आवडेल : गाडी दोन्ही दिशांना सारख्याच ताकदीने लढू शकते आणि सर्वांत मोलाची वस्तू दोन्ही टोकांपासून दूर राहते. टोकांना रूळ, स्लीपर आणि दुरुस्तीचे सामान लादलेल्या साध्या सपाट वाघिणी जोडत, म्हणजे सुरुंग असलाच तर तो त्यांच्याखाली फुटावा आणि उखडलेला मार्ग जागच्या जागी दुरुस्त करता यावा. 1899 मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर सैनिकांनी मार्गावर दगड टाकून ज्या चिलखती गाडीचे पुढचे डबे घसरवले आणि तरुण चर्चिलला कैद केले, तिच्यातही इंजिन मध्येच होते आणि ते निसटून परत गेले.

या तोफवाघिणी दोन आसांच्या, आखूड होत्या. लेगोच्या वळणांवर आखूड वाघीण फार गुणी वागते. त्यांचे तिरके चिलखत बांधताना बिजागरीच्या प्लेटी आणि बाजूला स्टड असलेल्या विटा वापराव्या लागतात, आणि त्या एका वाघिणीत मूल जेवढे शिकते तेवढे दहा सरळ भिंतींत शिकत नाही.

एवढे मात्र खरे, की ही गाडी ब्रागांझा घाटात शोभणार नाही. देखावा गोव्याचाच हवा असेल तर मडगावकरांचा सल्ला मानावा, आणि चिलखती गाडी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावी.

उत्तर ३ (वास्को)

चढाविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून तेवढेच लिहितो.

लेगोच्या सरळ रुळाचा एक तुकडा 16 स्टडचा, म्हणजे 128 मिलिमीटरचा असतो. प्लेटची जाडी 3.2 मिलिमीटर. प्रत्येक सांध्याखाली एकेक प्लेट वाढवत गेलात, तर चढ बरोबर 40 ला 1 होतो. कॅसल रॉक ते कुळे या घाटाचा चढ 37 ला 1 आहे. म्हणजे कोणतीही ओढाताण न करता, केवळ विटांच्या स्वाभाविक मापाने, आपल्याला जवळजवळ खरा ब्रागांझा घाट मिळतो. आपल्या टेबलावर वळणे सपाट ठेवून लांब बाजूला सोळा तुकडे सहज बसतील. त्यात गाडी पाच सेंटिमीटरांहून थोडी अधिक उंची गाठेल आणि मागच्या बाजूने तेवढीच उतरेल. चढ जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे पहिल्या व शेवटच्या तुकड्याखाली टाइल (वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट) किंवा पातळ पुठ्ठा घालून तो कोन थोडा मोडा, नाहीतर लांब इंजिनाचे पोट रुळाला टेकते.

एका मोटरीवर इंजिन आणि चार-पाच वाघिणी सपाटीवर मजेत फिरतील; चढावर मात्र चाके जागच्या जागी गरगरतात. मोटरीची ताकद कमी पडते असे आपल्याला वाटते, पण बहुतेक वेळा पकड कमी पडत असते. म्हणून बॅटरीचा डबा मोटरीच्या थेट वर ठेवा, मोटरीच्या चाकांवरची रबरी कडी स्वच्छ पुसा आणि वाघिणींना धातूच्या आसाची चाके वापरा. रणगाडे आतून पोकळ बांधा. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचा दाब दर सेलमागे 1.2 व्होल्टच असतो, सहा सेलांत तो फरक जाणवण्याइतका होतो. सपाटीवर ते चालतील, घाटाला साधे अल्कलाइन सेल घाला.

यावरही भागले नाही, तर खुद्द रेल्वे करते तेच करा. या घाटात जड गाड्यांना मागून रेटणारी इंजिने, म्हणजे बँकर, लावतात. दुसरी मोटर मागच्या इंजिनात बसवली तर गाडीही चढते, देखावाही अस्सल होतो, आणि चुंबकी जोडण्यांवरचा ताण निम्मा होतो. हा शेवटचा फायदा सर्वांत मोठा आहे, कारण चढावर गाडी तुटते ती बहुतेक वेळा इंजिनामागच्या पहिल्याच चुंबकापाशी.

दूधसागर 1:45 ने बांधायला जाऊ नका. 310 मीटरचा धबधबा त्या प्रमाणात सात मीटर उंच होतो. तो पाठीमागच्या पडद्यावर रंगवा आणि फक्त पुलाच्या कमानी विटांच्या करा. आमच्याकडे पावसाळ्यात खारी, दमट हवा आसांच्या धातूला आणि बॅटरीच्या पत्र्यांना लागते, तेव्हा विसर्जन झाले की सेल काढून ठेवायला विसरू नका.

प्रश्नकर्ता (फोंडा)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. रणगाड्याचा बाहेर आलेला स्टड खरा आहे हे कळल्यावर पुतणीने वही काढून स्वतः सगळे भागाकार तपासले. आठ स्टडची गाडी, दोन रणगाडे आणि मागे बँकर असे ठरले आहे. दोन शंका राहिल्या. जवानांचा डबाही 1:45 ने धरावा का? आणि ऑलिव्ह हिरव्या विटा आमच्याकडे फारच थोड्या आहेत, त्यांचे काय करावे?

उत्तर १ (मडगाव)

डब्याच्या बाबतीत मात्र लांबी आखडती घ्यावी लागेल. आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेचा) डबा 21.3 मीटर लांब असतो. प्रमाणात तो 59 स्टड होतो, आणि लेगोच्या 40 स्टड त्रिज्येच्या वळणावर त्याचे पोट इतके आत येते की शेजारचे काहीही पाडेल. 44 स्टडचा डबा करा, खालच्या दोन चाकगाड्यांच्या मध्यांत 30 स्टड अंतर ठेवा आणि खिडक्यांची संख्या त्याच मानाने कमी करा. रुंदी आठच राहू द्या. वाघीण 38 स्टडची, तिच्या चाकगाड्यांत 26 स्टड अंतर.

रंगासाठी, असलेल्या ऑलिव्ह विटा दर्शनी बुरुजाला आणि पुढच्या तिरक्या पत्र्याला वापरा आणि आतला सांगाडा मिळेल त्या रंगाचा करा. उरलेल्या भागावर गडद हिरव्या किंवा मातकट कापडाची ताडपत्री घाला. लष्करी सामान झाकून नेण्याची पद्धत आहेच. दोन रणगाड्यांपैकी एक पूर्ण झाकलेला ठेवलात तर विटा निम्म्याच लागतील.

बोगदा करणार असाल तर तो सरळ रुळावर घ्या. वळणावरच हवा असेल तर रुळाच्या मध्यापासून आतल्या बाजूला 8 स्टड मोकळे ठेवा, कारण रणगाड्याची कड तिथे सात स्टडांच्या थोडी पुढे येते. आणि बाहेरच्या बाजूला 9, कारण 48 स्टडच्या इंजिनाचा कोपरा जवळजवळ आठपर्यंत जातो. भिंती पक्क्या बसवण्याआधी इंजिन आणि रणगाड्याची वाघीण हाताने ढकलत दोन्ही दिशांनी फिरवून पाहा.