हॉटस्पॉट राउटर सारखा रीस्टार्ट होतोय, तोही नेमका क्लास चालू असताना

मळ्यातली शिक्षिका

नमस्कार. आम्ही ओझर आणि पिंपळगावच्या मधे मळ्यात राहतो, हायवेपासून तीन किलोमीटर आत. गावात फायबर आलंय, पण मळ्यापर्यंत वायर ओढायला कोणी तयार नाही. त्यामुळे दोन वर्षांपासून सिमकार्डवर चालणारा, हाताच्या तळव्यात मावणारा हॉटस्पॉट राउटर वापरतेय. त्यावर संध्याकाळी ७ ते ९ दहावीच्या मुलांचं गणित आणि विज्ञान घेते. चौदा मुलं आहेत, बहुतेक आमच्यासारखीच मळ्यांवर राहणारी. उसात बिबट्या असतो, अंधार पडल्यावर सायकलवर गावात क्लासला कोण पाठवणार? म्हणून हा क्लास सुरू केला. तो बंद पडू द्यायचा नाहीये.

दिवाळीपासून राउटर मधेच बंद होऊन आपोआप चालू होतो. सगळे दिवे विझतात, मग पॉवरचा लागतो, मग नेटवर्कचा आधी लाल, नंतर हिरवा. नेट परत यायला दीड-दोन मिनिटं जातात. तेवढ्यात मुलं एकेक करून बाहेर पडलेली असतात, आणि परत सगळ्यांना आत घेऊन उदाहरण पहिल्यापासून सांगावं लागतं.

मी वेळा वहीत लिहून ठेवल्यात. सोमवारी ७.१२, ७.३१, ७.३४, ८.०५, ८.४०. मंगळवारी ७.२०, ७.४८, ८.०३. बुधवारी ७.०९, ७.२६, ८.०६, ८.३१. सकाळी नुसते मेसेज बघते तेव्हा एकदाही नाही. कॅमेरा लावून फळा दाखवायला लागले की जास्त होतं.

करून पाहिलेलं: फॅक्टरी रीसेट, सिम काढून पुसून परत टाकलं, दुसऱ्या कंपनीचं सिमही टाकून पाहिलं. काही फरक नाही. तापतो म्हणावं तर परवा पहाटेइतकी थंडी संध्याकाळीच होती, तरी बंद पडला. दुकानात दाखवला तर हातात न घेताच "बोर्ड गेला, नवीन घ्या" म्हणाले. राउटर चोवीस तास चार्जिंगलाच असतो. रेंज खिडकीतच येते आणि प्लग इन्व्हर्टरजवळ आहे, म्हणून लांब केबल लावलीय. मागचं झाकण नीट बसत नाही, त्याला रबर बँड लावलाय. बाकी दिसायला चांगला आहे.

बोर्ड खरंच गेला असेल का? नवीन घ्यायचा तर घेईन, पण कारण कळल्याशिवाय घेतला आणि तोही असाच वागला तर?

सिडकोकर

ताई, आधी एक गोष्ट पक्की करा. तो रीस्टार्टच होतोय ना, की नुसतं नेटवर्क सुटतंय? राउटरच्या सेटिंगचं पान उघडा. पत्ता मागच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तिथे 'अपटाइम' म्हणून आकडा दिसतो, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे ते. पुन्हा शून्यापासून मोजत असेल तर खरा रीस्टार्ट, आणि मग दोष विजेच्या बाजूला शोधायचा. आकडा वाढतच गेलेला असेल तर सिम नाहीतर टॉवर. आणि ठरावीक वेळेला आपोआप रीबूट होण्याची सेटिंग चुकून चालू नाही ना, तेही बघून घ्या.

मळ्यातली शिक्षिका

पाहिलं. क्लास संपल्यावर लगेच उघडलं तर अपटाइम २४ मिनिटं. म्हणजे खरा रीस्टार्ट. आपोआप रीबूट बंदच आहे. त्याच पानावर सिग्नल उणे ११२ डीबीएम दिसतोय, तो चांगला की वाईट?

सोल्डरवाला पंचवटी

ताई, सगळ्यात आधी तो रबर बँड काढा आणि झाकण उघडा. आजच. दोन वर्षं बसणारं झाकण एकदम बसेनासं झालं म्हणजे आतली बॅटरी फुगलीय. ती बाहेर काढा, काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि बोटाने गिरकी द्या. चांगली बॅटरी सपाट असते, घासून लगेच थांबते. फुगलेली पोटावर भोवऱ्यासारखी फिरते. फिरली तर ती परत राउटरमध्ये घालायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. मी तेवीस वर्षं हेच काम करतो आणि दाबलेली बॅटरी पेटलेली डोळ्यांनी पाहिलीय, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

आता कारण. लिथियम बॅटरी चोवीस तास पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. तुमच्या राउटरचं हेच झालंय. तो चार्जिंगला असला तरी बॅटरीला काम असतं. राउटर सिग्नल पाठवतो तेव्हा क्षणभर एकदम जास्त करंट ओढतो, आणि तो झटका बॅटरी सोसते. उणे ८० चांगला सिग्नल, उणे ११२ म्हणजे अगदी कमजोर. टॉवर लांब, म्हणून राउटर पूर्ण जोर लावून ओरडतो. मेसेज वाचताना तो मुख्यतः ऐकतो. तुम्ही फळा दाखवता तेव्हा तो सलग बोलत राहतो. म्हणून सकाळी ठीक आणि क्लासला बंद. बॅटरी मेलेली असली की झटका थेट केबलवर येतो, व्होल्टेज कोसळतं आणि राउटर नव्याने सुरू होतो.

दुसरा आरोपी ती लांब केबल. किती मीटर आहे? आणि चार्जर कोणता?

बाग दिंडोरी

आमच्या बागेतल्या कॅमेऱ्याच्या राउटरला हेच झालं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला होता, पत्रा सिग्नल अडवतो. बाहेर लाकडी खोक्यात नेला तर उणे ११० चा उणे ९७ झाला. ताई, खिडकीला लोखंडी जाळी असेल तर राउटर थोडा वर-बाजूला सरकवून बघा, दर वेळी आकडा पाहायचा. अर्ध्या फुटानेही फरक पडतो.

मळ्यातली शिक्षिका

बॅटरी फिरली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून गिरकी दिली, सात-आठ फेरे फिरून मग थांबली. मधला भाग पोळीसारखा वर आलाय. रोज चौदा मुलांशी बोलताना ही माझ्या हातापासून दोन फुटांवर होती, या विचाराने अंगावर काटा आला. आता वाळूच्या डब्यात घालून अंगणात ठेवलीय, उद्या दुरुस्तीवाल्याकडे देते.

केबल तीन मीटरची आहे, हायवेवरच्या टपरीवरून घेतलेली. चार्जर जुन्या मोबाईलचा, त्यावर ५ व्होल्ट १ अँपियर लिहिलंय.

सोल्डरवाला पंचवटी

तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून गणितच देतो. टपरीवरच्या केबलमध्ये तांबं केसासारखं असतं. तीन मीटर जायचे, तीन यायचे, मिळून सहा मीटर. एवढ्या बारीक तारेचा रेझिस्टन्स सहज एक-सव्वा ओहम. राउटरने एक अँपियर ओढला की वाटेतच एक-सव्वा व्होल्ट जातो. ५ निघाले, पोचले पावणेचार. कसा टिकेल?

लांबवायचंच तर २३० व्होल्टची बाजू लांबवा, ५ व्होल्टची नाही. एक्स्टेंशन बोर्ड खिडकीपर्यंत न्या आणि तिथून अर्धा-एक मीटरची जाड केबल लावा. चार्जर ५ व्होल्ट २ अँपियरचा, चांगल्या कंपनीचा. राउटर तेवढाच ओढतो जेवढा त्याला लागतो, २ अँपियरने जळत नाही. लॅपटॉपच्या यूएसबीवर लावू नका, जुन्या पोर्टला अर्धाच अँपियर असतो.

नवीन बॅटरी येईपर्यंत बॅटरी न घालता चालतो का बघा. काही मॉडेल चालतात, काही चालूच होत नाहीत. बॅटरी आणताना नुसता आकार जुळवू नका, तिच्यावरचा मॉडेल नंबर जुळला पाहिजे.

मळ्यातली शिक्षिका

चार दिवसांनी लिहितेय, कारण मधे वही भरायची होती.

माझा राउटर बॅटरीशिवाय चालू झाला. नवीन चार्जर, एक मीटरची जाड केबल आणि एक्स्टेंशन बोर्ड. दिंडोरीच्या दादांचं ऐकून राउटर जाळीच्या वर, खिडकीच्या चौकटीवर ठेवला, सिग्नल उणे १०४ झाला. पहिल्या दिवशी एकच रीस्टार्ट, ८.०४ ला. दुसऱ्या दिवशी एकच, ८.०५ ला. मग मी जुनी पानं उलटली आणि बघत राहिले. सोमवार ८.०५, मंगळवार ८.०३, बुधवार ८.०६. बाकीच्या वेळा कशाही होत्या, आठची मात्र रोज होती. इतके दिवस माझ्याच अक्षरात लिहिलेलं मला दिसलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आठला मुलांना उदाहरण सोडवायला दिलं आणि कान देऊन बसले. या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्री आठला येतेय. आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटरी ऑटोस्टार्टरने एकदम सुरू झाल्या, दिवा पिवळा पडला, इन्व्हर्टरमधून 'टक्' आवाज आला आणि त्याच क्षणी राउटरचे दिवे गेले. इन्व्हर्टर लाइनवरून बॅटरीवर जाताना जो पापणी लवण्याइतका खंड पडतो, तो बॅटरी नसलेल्या राउटरला पुरेसा आहे. बरोबर ना, दादा?

सोल्डरवाला पंचवटी

शंभर टक्के बरोबर. घरच्या इन्व्हर्टरवर बहुधा मागच्या बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं, त्यावर ठेवलं की बदल लवकर होतो. पण खरा उपाय नवीन बॅटरीच, तो खंड भरून काढायलाच ती असते. आणि आता क्लास नसेल तेव्हा चार्जर काढत जा.

मळ्यातली शिक्षिका

बॅटरी काल एमजी रोडवरून यांनी आणली, मॉडेल नंबर जुळवून. साडेतीनशे रुपये. झाकण बोटाने दाबलं की कट् करून बसलं, रबर बँड लागला नाही.

काल ८.०४ ला दिवा पिवळा पडला, इन्व्हर्टर टकटकला, राउटर हिरवाच. आजही तसंच. दोन दिवस वहीत एकही वेळ नाही. पुढच्या आठवड्यात मुलांना ओहमच्या नियमाची उजळणी द्यायची आहे. ती तीन मीटरची केबल मी टाकलेली नाही, त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर तिच्यावरच गणित घालणार आहे. शाळेतून मल्टिमीटर मागून आणलाय.