शिकवणं सुटलं, परत जाताना नकार आले: मराठवाड्यातल्या शिक्षकांचे अनुभव

मधे काही वर्षं शिकवणं सुटलेल्या आणि आता पुन्हा वर्गात जायला धडपडणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढते आहे. लग्न, बाळंतपण, सासू-सासऱ्यांचं आजारपण, बिनपगारी शाळेला वैतागून धरलेला दुसरा उद्योग, सुटण्याचं कारण कुठलंही असो. २०१२ नंतर आपल्याकडे शिक्षकभरती जवळजवळ ठप्प झाली. मग पवित्र पोर्टल आलं, म्हणजे शिक्षकभरतीची सरकारी वेबसाइट. त्या भरतीसाठीची पहिली टीएआयटी (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. या मधल्या पोकळीत किती जणींचं भरतीचं वय उलटून गेलं, ते प्रत्येकीला आपल्या नात्यागोत्यात दिसतंच. म्हणून वाटतं, मला नाकारलं म्हणताना त्यात माझं किती आणि भरतीच्या या रखडपट्टीचं किती, हे एकदा मोकळेपणी बोलून घ्यावं.

नकार कुठून आला, कोणी कसा सांगितला, आणि पुढचे आठ-पंधरा दिवस कसे काढले, एवढं लिहा. शाळेचं, संस्थेचं नाव नको. आणि "प्रयत्न सोडू नका" हेही नको, ते सगळ्यांनी भरपूर ऐकलंय.

सुरुवात मी करते. अंबाजोगाई, इतिहास-भूगोल. फेब्रुवारी २०२४ ची यादी मोबाइलवर उघडेना, म्हणून भाच्याच्या लॅपटॉपवर बघितली. माझ्या प्रवर्गाची ओळ माझ्या गुणांच्या थोडी वर थांबली होती. भाचा बिचारा दोनदा खाली-वर करत राहिला. मला सगळ्यात जड गेलं ते संध्याकाळी आलेल्या फोनांना उत्तर देणं. मग एकच वाक्य ठरवून टाकलं, "या फेरीत नाही झालं, पुढचं ठरलं की मीच सांगेन." तेवढंच बोलायचं आणि विषय बदलायचा. त्या वाक्याने मला खरंच वाचवलं.

परभणी, गणित, माध्यमिक

ताई, बरं झालं विषय काढलात. लग्नाआधी मी सेलूकडे शिकवत होते. दोन लेकरं झाली, मालकांच्या बदल्या झाल्या, शाळा सुटली. परत आले तेव्हा पोर्टलवरून एका संस्थेच्या मुलाखतीला नाव गेलं.

नमुना पाठ होता, स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय. फळ्यासाठी कंपास नव्हता. पर्समधला शिवणाचा दोरा खडूला बांधला, अंगठ्याने मध्य दाबून धरला आणि वर्तुळ काढलं. दहावीची लेकरं बसवली होती. मागच्या बाकावरच्या पोराने विचारलं, "मॅडम, स्पर्शिका दोन ठिकाणी टेकली तर?" मी तोंड उघडायच्या आत पुढची एक पोरगी म्हणाली, "मग ती छेदिका झाली की." इतक्या वर्षांनी वर्ग असा आपोआप बोलायला लागला, तेव्हा मला वाटलं, आपण परत आलो.

आत ऑफिसमध्ये मात्र गणिताचं काहीच निघालं नाही. लेकरं केवढी आहेत, सासूबाई सोबत असतात का, मालकांची पुन्हा बदली झाली तर काय करणार, एवढंच. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पुरुष उमेदवारालाही दोन लेकरं होती. त्यांना हे विचारलं नव्हतं, मी नंतर त्यांच्याकडूनच खात्री करून घेतली.

निवड दुसऱ्याच सरांची झाली. कारकुनाने बाहेर सांगितलं की ते सर त्याच शाळेत कित्येक वर्षं बिनपगारी शिकवत होते, मुलाखतीच्या यादीतही होते, जागा त्यांचीच धरलेली होती. मला राग आला तो पाठ घेण्याचा देखावा केल्याचा. त्या सरांवर रागावणं जमलं नाही. बिनपगारी मीही शिकवलंय, त्यात माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे.

घरी आल्यावर पाचवीतल्या मुलीने विचारलं, "आई, तुला कमी मार्क पडले का?" मी तिला फळ्यावरच्या दोऱ्यापासून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पाठात तू पास." त्यावर मी रडले. पण त्या दिवसापासून माझ्या मनात दोन वेगळे निकाल आहेत, पाठाचा एक आणि संस्थेचा एक, आणि संस्थेचा निकाल मी पाठाच्या निकालावर चढू देत नाही.

जालना, बी.एड.

माझं थोडक्यात. टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर एक पास होते, पहिली ते पाचवीसाठी तयारी केली होती. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की प्राथमिकला बी.एड. चालणार नाही, डी.एड.च लागेल. छोट्या वर्गांना छोट्या लेकरांना शिकवण्याचंच शिक्षण घेतलेला शिक्षक हवा, हा मुद्दा मला पटतो. तरी ज्या रात्री तो निकाल वाचला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्यासमोर कोणी बसलंच नव्हतं, मुलाखत नाही, प्रश्न नाही, आणि दार बंद झालं. आता पेपर दोनची तयारी चालू आहे, सहावी ते आठवी.

केज, जि. बीड

सर्वांना नमस्कार. परभणीच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं, कारण मी त्या दुसऱ्या सरांच्या जागचा माणूस आहे.

आमची शाळा कायम विनाअनुदानित. २००९ मध्ये शासनाने त्यातला 'कायम' शब्द काढला तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मूल्यांकन होईल, अनुदान येईल म्हणत वर्षं गेली. सकाळी शाळा, दुपारी दुसऱ्याच्या वावरात, संध्याकाळी शिकवण्या. शेवटी वडील आजारी पडले आणि मी खताचं दुकान टाकलं. त्यानंतर टप्पा अनुदान आलं, वीस टक्के, मग चाळीस. माझ्याबरोबर रुजू झालेले लोक पगारपत्रकावर गेले. मी परत विचारायला गेलो तर सांगितलं, वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी) नाही, शालार्थमध्ये (पगाराच्या सरकारी प्रणालीत) नाव नाही, तुम्ही सोडून गेलात. हजेरीच्या ज्या वहीवर मी सह्या केल्या ती वही त्याच कपाटात होती, मला बसल्या जागेवरून दिसत होती.

या नकाराला अपील नाही. वयही निघून गेलं. मी बराच काळ शाळेच्या रस्त्याने जाणंच टाळलं, मोटारसायकल लांबच्या फाट्यावरून न्यायचो.

आमच्या भागात दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. लेकरं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह चालतं. तिथल्या गुरुजींनी म्हटलं, संध्याकाळी येत जा. गेलो. तिसरीतला एक पोरगा अक्षर ओळखायला तयार नव्हता, पण बापाने पाठवलेला उसाच्या वजनपावतीचा फोटो त्याला वाचायचा होता. कारखान्याचं नाव, गाडी नंबर, टन, किलो. आम्ही त्या पावतीवरूनच वाचन केलं, बेरीज-वजाबाकीही. फेब्रुवारीपर्यंत तो पावती घडाघडा वाचायला लागला आणि बापाला फोनवर वजन विचारून हिशेब करायला लागला. यातून नोकरी मिळाली नाही, मिळणारही नाही. पण आता शाळेच्या रस्त्याने जातो.

नांदेड, महाविद्यालयीन, सीएचबी (तासिका तत्त्व)

केजच्या दादांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. फुकट शिकवण्याने मन सावरतं हे मी मानते, पण आपल्या सगळ्यांच्या फुकट शिकवण्यावरच संस्था चालल्या हेही बोललं पाहिजे. मी सेट, पीएच.डी. आहे. तासिका तत्त्वावर शिकवत होते. बाळंतपणाला थांबले आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, जणू मी तिथे कधी नव्हतेच. कारण सीएचबीची नेमणूक त्या वर्षापुरतीच. "गॅप का आहे?" हा प्रश्न मला त्याच विभागप्रमुखांनी विचारला ज्यांनी माझ्या डोहाळजेवणाचं जेवण केलं होतं.

नकारानंतर मी एक गोष्ट करते, तिचा उपयोग झाला म्हणून सांगते. मुलाखतीतून बाहेर पडल्यावर बसस्टँडवरच प्रश्न लिहून काढायचे. विषयाचे एका पानावर, घरचे-दारचे दुसऱ्या पानावर. विषयाचं पान अभ्यासाला. दुसरं पान मी फाडत नाही, जपून ठेवते. कधीतरी हे सगळं एकत्र करून योग्य ठिकाणी मांडायचं आहे. या धाग्यावरच्या बायकांनी आपापली पानं दिली तर खूप मदत होईल.

कळमनुरी, जि. हिंगोली

मी शिक्षक नाही, माझी बायको आहे. तिच्या परवानगीने लिहितोय.

यादीत नाव नाही कळल्यावर ती स्वयंपाकाला लागली, एक शब्द बोलली नाही. आमच्याकडे पाहुण्यांना यादीची तारीख आमच्यापेक्षा आधी माहीत असते. "काय करायलीस मग आता?" असं विचारणारे दिवसभर. मी तिचा फोन माझ्याकडे घेतला आणि चार दिवस मीच बोललो. आईलाही सांगितलं, तिच्यासमोर दुसऱ्याच्या सुनेचं नाव काढायचं नाही. घरातल्या पुरुषांना माझं एवढंच सांगणं आहे, समजूत घालत बसू नका, तिच्या वाटचे फोन उचला. अभ्यासाच्या वेळी लेकरांना बाहेर घेऊन जा. आमच्याकडे पहाटेचे दोन तास तिचे आहेत, चहा मी करतो.

छत्रपती संभाजीनगर, मुख्याध्यापिका

मी टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणून थोडी बिचकत लिहिते आहे. आमची शाळा खाजगी, इंग्रजी माध्यमाची, पोर्टलबाहेरची. ज्यांना आम्ही नाही म्हटलं त्यांच्यात उत्तम शिकवणारे होते. कधी जागा अर्धीच असते, कधी गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवणारं एकच माणूस हवं असतं. उमेदवाराला हे सांगितलंच जात नाही, आणि ती घरी जाऊन स्वतःला दोष देत बसते. आता मी कारण फोन करून सांगते. दोन मिनिटं लागतात.

गॅपबद्दल सांगायचं तर माझ्यासारखीला तो किती मोठा आहे याची फिकीर नसते. या काळात पुस्तकं बदलली ती बघितलीत का, हे बघते. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला, पुढचे वर्ग बदलत जातील. एखाद्या धड्याचं जुनं आणि नवं पुस्तक शेजारी ठेवून "मी हे असं शिकवीन" असं म्हणणारी उमेदवार आली की गॅपचा प्रश्न मी विचारतच नाही. आणि परभणीच्या ताई, तो दोऱ्याचा कंपास मी आमच्या शिक्षकांना सांगणार आहे.

धाराशिव, मराठी

माझा नकार कागदपत्र पडताळणीत आला. निवड झाली होती, घरात सगळ्यांना सांगून झालं होतं. टेबलावरच्या साहेबांनी फाइल दोनदा उलटली आणि म्हणाले, माहेरचं आणि सासरचं नाव जुळत नाही. पदवी एका नावावर, आधार दुसऱ्या. नॉन-क्रिमिलेअरवर नवऱ्याकडचं उत्पन्न लावलेलं. ते प्रमाणपत्र आई-वडिलांच्या उत्पन्नावरून निघतं, लग्न झालं तरी. सेतूवाल्याने जसं भरलं तसं मिळालं होतं. मिळालेली जागा हातातून जाणं आणि जागाच न मिळणं, यात पहिलं जास्त दुखतं असं मला वाटतं. मला दोन महिने कोणाच्या पेढ्याला हात लावावासा वाटला नाही.

बहिणींनो, फॉर्म सुटायची वाट बघू नका. राजपत्रात नाव आजच लावून घ्या, विवाह नोंदणीचा दाखला काढा, जुन्या शाळेचं अनुभव प्रमाणपत्र तिथले जुने मुख्याध्यापक निवृत्त व्हायच्या आत घ्या. आणि प्रमाणपत्रांवरची मुदत आणि दिनांक स्वतः वाचा.

लातूर, जीवशास्त्र

मी क्लासमध्ये शिकवते, नीटची मुलं. शाळेने नाकारलं म्हणून इकडे आले. पैसे बरे मिळतात, पण इथे एमसीक्यू सोडवून घेणं असतं, आठवीच्या मुलीला भिंगातून कांद्याची साल दाखवणं नसतं. त्यासाठीच टीएआयटी पुन्हा देणार आहे. वयाचं एकच वर्ष हातात आहे.

उदगीर, जि. लातूर

२०२४ च्या भरतीत माझं झालं. चाळिशीजवळ शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले, मानधन महिना १६,००० रुपये, तीन वर्षांसाठी. २०२३ आधी ते ६,००० होतं, म्हणून आधीच्या लोकांपेक्षा बरंच. माझे मुख्याध्यापक माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, छान चाललंय.

पण खरं सांगायचं तर निवड झाली म्हणून आधीचे नकार पुसले गेले नाहीत. कोणी वर्गाबाहेर येऊन उभं राहिलं तरी छातीत धडधडतं, वाटतं, कागदात काहीतरी सापडलं. शाळेत अजून एक जागा रिकामी आहे, तिसरी-चौथी मी एकत्र घेते. तिथे कोण येईल माहीत नाही. लातूरच्या ताईंनी वयाचं लिहिलंय म्हणून सांगते, माझ्या टीएआयटीच्या नोट्स आणि सोडवलेले सराव संच घरी पडून आहेत, गणित-बुद्धिमत्तेचे जास्त. लातूरच्या एसटीने वाहकाकडे देते, स्टँडवर येऊन घ्या. जालन्याच्या ताईंना हवे असतील तर झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवते.